पाचवं भांडं

—नाही हो, तो नाही. तो चादरींच्या खोलीचा दरवाजा, तो सारखा उघडतो, त्याच्याकडे बघायचंच नाही. मीही सकाळपासून दर वेळी दचकून उठत होतो, आता सवय झाली. आपला दरवाजा तो पलीकडचा—हिरवा, गोल काचेचा. तुमच्या वडिलांनाही तिथूनच आणतील. गुडघा ना त्यांचा? मग तुम्ही खुशाल बसा. गुडघेवाल्यांचा दरवाजा लवकर उघडला तर चांगलंच, काम पटकन झालं म्हणायचं. आमचं उलटं आहे. आमचा दरवाजा जेवणाच्या वेळेपर्यंत उघडता कामा नये. का म्हणजे—सांगतो ना, सांगतो, बसा तर खरं. ती पिशवी ठेवा इकडे माझ्या बाजूला, जागा आहे. मला बोलू द्या थोडं. एरवी मी इतका बोलत नाही, आमच्या घरी बोलायचं खातं हिचं. पण गप्प बसलो की नजर त्या काचेवर जाते, आणि मग तिथून हलत नाही. तुमचं फोनवर काही चालू असेल तर बघा तुम्ही, मी मनाला लावून घेणार नाही—फक्त अधूनमधून मान हलवा.

आमची ही आत आहे. घशाची गाठ. स्वरयंत्रावर—म्हणजे जिथून आवाज निघतो ना, बरोबर तिथं. लेझरनं काढतायत. सर्जनबाई म्हणाल्या, गाठ वरवरची असेल तर तोंडातूनच नळी घालू आणि लेझरनं खरवडून काढू, बाहेरून कापाकापी नाही, आवाज थोडा बसका होईल पण राहील. किचकट काम आहे, जरा जरा करत पुढे सरकायचं, दुपार होईल म्हणाल्या. आणि गाठ खोल गेलेली असली, आतल्या कूर्चेत, त्या मऊ हाडात, शिरलेली असली, तर ते लेझरच्या आवाक्यातलं नाही. मग त्या हात थांबवणार, आणि बाहेर येणार. मला विचारायला. म्हणून म्हटलं, दरवाजा लवकर उघडता कामा नये. लवकर उघडला की समजायचं. किती वेळ झाला असेल हो आत नेऊन? नाही, घड्याळ नका बघू. मी माझंही काढून खिशात टाकलंय.

आणि गंमत बघा—गंमत कसली म्हणा, पण बघा—तो आतला लेझर आहे ना, तो माझा. म्हणजे मालकीचा नाही हो, माझ्या कामातला. कार्बन डायऑक्साइड लेझर. आपण श्वासातून बाहेर सोडतो तोच वायू, त्याच्यावर चालतो. मी आयुष्यभर दुसरं काही केलं नाही. बनवत नाही मी, माझ्या हातात गेलेली वस्तू मोडतेच, ही मला प्रयोगशाळेत साध्या नळाला हात लावू देत नाही. मी गणित करतो. त्या नळीत रेणू कसे थरथरतात, कुणाची ऊर्जा किती वेगानं कुणाकडे जाते आणि शेवटी किरण किती जोराचा बाहेर पडतो, ते आधी कागदावर आणि मग कॉम्प्युटरवर. तो किरण दिसत नाही बरं का. लाल ठिपका दिसतो तो नुसता नेम धरायला. खरा किरण डोळ्याला दिसतच नाही, आणि पाण्यावर पडला की जागच्या जागी पाण्याची वाफ करतो. आणि मांस म्हणजे तरी काय, बहुतेक पाणीच. म्हणून त्यानं कापता येतं. परवा मी सर्जनबाईंना विचारलं, मशीन सलग चालवता की तुटक तुटक? मिश्रणात हीलियम किती असतो? त्या हसल्या हो. म्हणाल्या, काका, आम्ही पेडल दाबतो. पेडल! ही आत भूल घेऊन पडलीय, तिच्या गळ्यावर माझं समीकरण चालू आहे, आणि मी इथं बाकावर. श्वासाच्या नळीतून ऑक्सिजन वाहतोय तिच्या, आणि किरण चुकून त्या नळीला लागला तर नळी पेट घेते—घेतलेला आहे, मी वाचलंय, नको नको ते सगळं वाचून बसलोय—म्हणून भोवती ओला कापूस भरतात. भरला असेल ना? भरतातच. रोजचंच काम आहे त्यांचं. ...हो, द्या, एकच घोट घेतो.

तुम्ही काय करता? ...गाडी शिकवता. वा. मग शेजारी बसलेल्या घाबरलेल्या माणसाची तुम्हाला सवयच असेल. नाही, ब्रेक तुमच्याही पायाखाली असतो ना, तसा इथे कुणाच्या पायाखाली आहे ते कळत नाही, एवढाच फरक. बरं, ऐका. मी सोपं करून सांगतो, मला कुणाला तरी सांगायचंच आहे आणि जिला सांगायचं ती आत आहे. तो रेणू म्हणजे तीन गोळे एका ओळीत. मध्ये कार्बन, दोन टोकांना ऑक्सिजन. तो तीन तऱ्हांनी थरथरतो. एक, दोन्ही टोकं एकदम लांब जातात, एकदम जवळ येतात. दोन, मधून वाकतो. आणि तीन, मधला एका टोकाकडे सरकतो आणि दुसऱ्याकडे पाठ फिरवतो, मग लगेच उलट. या तीन तऱ्हांची माझ्या गणितात तीन भांडी. चौथं भांडं नायट्रोजनचं, तोही असतो नळीत. वीज सोडली की नायट्रोजनचं भांडं भरतं, तो ते बराच वेळ सांभाळून ठेवतो आणि अलगद त्या तिसऱ्या भांड्यात ओततो. तिसऱ्यातून पहिल्यात पडताना किरण निघतो—झाला लेझर. पहिलं आणि वाकणारं ही दोन भांडी आतून जोडलेलीच, आणि ती खालून भराभरा रिकामी झाली पाहिजेत, ते काम हीलियमचं. नाही झाली की तुंबलं, मग वरून पडायला जागाच नाही. आणि यातल्या प्रत्येक भांड्याचं तापमान निराळं! एकच नळी, एकच वायू, आणि चार भांड्यांची चार तापमानं. लोकांना पटत नाही. मला तर आत्ता सहज पटतंय. बघा हा हात—बर्फ झालाय ना? आणि कान बघा, भाजतायत.

हिचं काम मोजायचं, माझं काम गणित. लग्नाच्या आधीपासून. ओळखच त्यातून झाली. हिची ती काचेची लांब नळी, आणि पायाशी पंप, असा ठणाणा करणारा पंप की शेजारच्या खोलीतली माणसं दार लावून घेतात. त्या पंपावरून ही मला ओरडून आकडे सांगायची आणि मी भिंतीपलीकडे उतरवून घ्यायचो. भिंतीपलीकडे हो! असा खणखणीत आवाज. म्हणून तर घसा बसला तेव्हा आम्हा दोघांना वाटलं, ओरडून बसला असेल. मी वर चेष्टा करायचो, पंप जिंकला म्हणून. ...असो. तर वायू ताजा असला की सुरुवातीला माझं गणित आणि किरणाचा जोर मोजणारा हिचा मीटर अगदी गळ्यात गळे. नळी थोडी चालू राहिली की हिचा आकडा उतरायला लागायचा, आणि माझं गणित होतं तिथंच. मी म्हणायचो, तुझ्या नळीच्या टोकांचे आरसे मळलेत. ही आरसे पुसायची, तरी खालीच. मी म्हणायचो, नळीभोवतीचं पाणी कोमट असेल. ही पाणी गार करायची, तरी खालीच. मीटर बदलला, तरी खालीच. शेवटी मी काय केलं, गणितात एक आकडा घुसवला. ते वाकणारं भांडं किती हळू रिकामं होतं त्याचा. त्याला भारदस्त नाव दिलं, नळीच्या भिंतीचा परिणाम. तो आकडा इकडेतिकडे केला की आलेखावर माझी रेघ बरोब्बर हिच्या मोजणीच्या ठिपक्यांवरून जायची. कुठून आला विचाराल तर—आला, झालं. ही त्याला जावई म्हणायची. तुझा जावई! म्हणायची, घरात आला, काम ना धाम, कशासाठी आलात म्हणून विचारायची सोय नाही, आणि सगळ्यांनी त्याच्या मर्जीनं वागायचं. नळी बदलली की जावयाची मर्जी बदलते, दाब बदलला की बदलते. पाहुण्यांसमोर विचारायची मला, काय म्हणतोय रे जावई? लोकांना वाटायचं आमच्या मुलीचं लग्न झालंय. मूलबाळ नाही हो आम्हाला. कुणीतरी विचारायचं, अरे वा, काय करतात जावई? ही सरळ तोंड ठेवून सांगायची, बसून खातात.

हसलात ना? मीही हसायचो. आत जळायचो आणि वर हसायचो. कारण हिचं म्हणणं पहिल्या दिवसापासून एकच होतं, की नळीतला वायू तो राहतच नाही. वीज जाते, रेणू तुटतो, एक ऑक्सिजन निसटतो आणि मागे कार्बन मोनॉक्साइड उरतो. अहो, हे मला काय माहीत नव्हतं? या कामातल्या कुणालाही माहीत असतं! पण माझं म्हणणं, आपली नळी काय बंद आहे का? एका टोकानं ताजा वायू येतोय, दुसऱ्या टोकानं पंप ओढतोय, तुटलेला जातो की निघून. मी कधीकाळी त्याचा अंदाज काढला होता, तो नगण्य आला, आणि तेव्हापासून माझ्यापुरता तो विषय मिटला. ही म्हणायची, तुझा कागदावरचा वायू पळत असेल, माझा नळीतला रेंगाळतो. आणि जो मोनॉक्साइड मागे उरतो तोही काही हातावर हात ठेवून बसत नाही, तोही थरथरतो, त्याची तिसऱ्या भांड्याशी देवघेव चालते. पाचवं भांडं मांड. पाचवं भांडं मांड! जेवताना तेच, गाडीत तेच, दात घासताना तोंडात ब्रश धरून तेच. मी म्हणायचो, आहेत ती चार सांभाळताना नाकी नऊ आलेत. ती म्हणायची, तुला कंटाळा आहे आणि त्याला तू तत्त्व म्हणतोस. मी म्हणायचो, मीटर नीट लाव. असा आमचा संसार. खरं सांगू, बाकीची नवरा-बायको एकमेकांशी काय बोलत असतील, असा मला प्रश्न पडायचा.

—कोण आलं? ...चादरी. बरं.

मागच्या आठवड्यात ही इथं तपासण्यांसाठी दाखल होती. मेहुणी होती सोबतीला—आत्ताही आहे, खाली औषधांच्या रांगेत उभी आहे—तिनं मला घरी पिटाळलं, जरा अंघोळ करा, माणसात या म्हणाली. घरी गेलो. घर असं शांत, फ्रीज गुरगुरतो तो ऐकू येतोय. खुर्चीवर हिची शाल तशीच. मला काही सुचेना. जेवण गेलं नाही, झोप येईना, भर दुपारी पडदे ओढून बसलो. आणि मग—का केलं माहीत नाही, घरात हिचं बोलणं नव्हतं म्हणून असेल, तेवढंच हिचं काहीतरी म्हणून—मी पाचवं भांडं मांडलं. जावयाला काढून टाकला. वायू किती वेळ रेंगाळतो ते अंदाजानं नाही, हिच्या नळीच्या मापांवरून घेतलं, रेणू तुटेल तसं मिश्रण बदलू दिलं, आणि लावलं चालवायला. आणि माझी रेघ हिच्या ठिपक्यांवर जाऊन बसली हो. आपणहून! कुठंही ढकलावी लागली नाही. जुन्या नळीचे ठिपके, नव्या नळीचे ठिपके, आणि मी जे वर्षानुवर्षं हिची मोजणी चुकली म्हणून बाजूला टाकले होते ते सुद्धा. सगळे. मी खुर्चीतून उठलो आणि 'अगं ए!' म्हणून हाक मारली. जोरात, स्वयंपाकघराकडे तोंड करून. मग आठवलं, घरात मी एकटा आहे.

तसाच निघालो. शर्टाची बटणं जिन्यात लावली. इथल्या लिफ्टमध्ये शब्द जुळवत होतो, की आत गेलो की आधी काय म्हणायचं. तुझं बरोबर होतं, असं थेट म्हणायचं की आधी थोडं खेळवायचं. आणि हिच्या खोलीच्या दारात पाय थांबला. माझ्या लक्षात आलं, हे मला सांगताच येणार नाही. तुम्ही म्हणाल, का नाही? मानपान आडवा आला? छे हो. मान गेला खड्ड्यात. त्याचं कारण माझ्या सासूबाई.

सासूबाई म्हणजे हिची आई. वादाला उभ्या राहिल्या की समोरच्याची पळता भुई थोडी. शेवटच्या दुखण्यात काय झालं, सगळे त्यांना हो म्हणायला लागले. त्या म्हणाल्या शेजारीण चोर आहे—हो. नर्सला काही येत नाही—हो. आपण पुढच्या महिन्यात घर रंगवू—हो, रंगवू की. म्हातारीला शंका आली. एक दिवस मुद्दाम म्हणाल्या, आज रविवार आहे. बुधवार होता. आम्ही सगळे म्हणालो, हो हो, रविवारच. त्यांनी एकदा सगळ्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि भिंतीकडे वळल्या. पुन्हा कुणाशी वाद म्हणून घातला नाही. त्या दिवशी घरी येताना गाडीत ही मला म्हणाली, 'लक्षात ठेव. ज्या दिवशी तू मला म्हणशील ना, की तुझं बरोबर आहे, त्या दिवशी मी समजेन की माझं संपलं.' आता सांगा! कसं सांगणार मी? ऑपरेशनच्या तोंडावर जाऊन म्हणू, बाई गं, इतकी वर्षं भांडलो, तूच खरी? तिनं तिथंच भिंतीकडे तोंड केलं असतं. डॉक्टरांनी याला काहीतरी सांगितलंय आणि हा माझ्यापासून लपवतोय, असंच वाटलं असतं तिला. कागद असा घडी करून खिशात होता माझ्या. मी म्हटलं, घरी करमेना म्हणून आलो.

आज सकाळी तिला ढकलगाडीवर घातलं. डोक्याला ती कागदी टोपी. आवाज असा फाटका, नुसती हवाच निघते. मी चालतोय बाजूनं, गाडीची दांडी धरून. त्या दरवाजाशी थांबले ते लोक, आणि हिनं मला बोटानं खाली बोलावलं. मी कान नेला. मला वाटलं, आता काहीतरी सांगणार, घराचं, बहिणीचं, काहीतरी. तर काय विचारते? 'जावई कसा आहे?' ...थांबा. एक मिनिट. ...तर मी काय म्हणालो असेन? मी म्हणालो, 'धडधाकट आहे. तुझ्या मीटरची वायर ढिली आहे, परत आलीस की बघ.' असं म्हणालो. मुद्दाम, नेहमीच्या सुरात. मला वाटलं ती चिडेल, चिडली की तिच्या अंगात जोर येतो, मी बघितलाय. चिडली! डोळे असे मोठे केले, ओठ हलवले, पण आवाज काही निघाला नाही, आणि तेवढ्यात त्यांनी गाडी आत ढकलली. दरवाजा मिटेपर्यंत ती माझ्याकडे रागानं बघत होती. ते शेवटचं असलं तर? शेवटचं म्हणून मी तिला हे दिलं? खोटं बोललो मी तिच्याशी, आणि ते सुद्धा तिच्या मीटरबद्दल!

तुम्ही बोला काहीतरी. ...नाही, नका बोलू. बोललात तर चांगलंच बोलाल तुम्ही, ते ऐकवणार नाही मला.

ऐका, ते सांगायचं राहिलं ना, सर्जनबाई मला काय विचारायला बाहेर येतील. हिला त्यांनी आधीच सगळं समजावलं होतं. खोल निघाली तर स्वरयंत्रच काढावं लागेल. जगण्याची आशा चांगली, पण आवाज गेला तो गेला. इथं, गळ्याला, एक भोक राहील श्वासासाठी. तर तशी वेळ आली तर तुम्हाला शुद्धीवर आणून विचारायचं का, असं त्यांनी हिला विचारलं. ही म्हणाली, मला जागं करू नका, मी वाद घालीन. याला विचारा. आणि माझ्याकडे वळून म्हणाली, 'जन्मभर खुर्चीत बसून अंदाज बांधलेस, एक माझ्यासाठी बांध.' हसत म्हणाली हो. मी पण हसलो. डॉक्टर दोघांकडे बघत राहिल्या. तेव्हापासून मी नुसता हेच करतोय. सर्जनबाईंनी शंभरात किती जगतात ते सांगितलं, मी ते घेऊन बसतो, आणि मग लक्षात येतं की त्या शंभरातली ही कितवी ते कुणी सांगत नाही.

तुम्ही म्हणाल, यात विचार कसला? जीव वाचतोय, काढा म्हणायचं. मीही तेच म्हणणार आहे. ठरलंय माझं. पण—हे मी मेहुणीला सुद्धा बोललो नाही—मला एकदा ऐकायचंय हो. मी म्हणेन, तुझं बरोबर होतं, आणि ती म्हणेल, 'सांगत नव्हते मी!' असं, कंबरेवर हात ठेवून, तो 'मी' लांबवत. सगळ्या वाड्या-वस्तीला ऐकू जाईल असं. तिचा हक्क आहे तो. तेवढं एकदा ऐकलं की बास. आणि त्या पायी माझ्या मनात काय येतंय माहितीये? की नको म्हणावं. गाठ असू दे तिथं, दुसरं काही औषध करू, काही महिने मिळतील तेवढे मिळतील, पण बोलती राहील. माझ्याशी भांडती राहील. असा विचार कुणी नवरा करतो का? बायकोचा जीव एका वाक्यापेक्षा हलका धरणारा? ...उठू नका. उठू नका हो, मी तसं म्हणणार नाही. पण मनात आलं. आणि एकदा येऊन गेलं असतं तर म्हटलं असतं जाऊ दे. सकाळपासून येतंच आहे. वर मी स्वतःला समजावतो की तिलाच तसं हवं असेल, आवाजाशिवाय ती कशी जगेल, तिच्याच भल्याचं आहे. तिच्या भल्याचं! मला भांडायला माणूस उरणार नाही याची भीती आहे, आणि तिच्या भल्याच्या नावावर खपवतोय मी. पण मग असंही वाटतं, तिनं खरंच 'नको' म्हटलं असतं तर? तिनं मला विचारायला सांगितलं ते कशासाठी? मी 'काढा' म्हणेन म्हणून, की मी एकटाच 'नको' म्हणू शकेन म्हणून? मला कळत नाही हो. इतकी वर्षं तिच्या समोर बसून जेवलो आणि मला एवढं कळत नाही—

थांबा.

तो आपला दरवाजा. नाही, गुडघा असेल. तुमचे वडील असतील. म्हणा ना गुडघा आहे म्हणून! ...सर्जनबाईच आहेत. मास्क खाली घेतलाय. अजून जेवणाची वेळ नाही झाली. झाली का? नाही ना झाली?

—हो. मीच, इथेच आहे. ...हो. ...बरं. ...कूर्चेत. ...नाही, आकडे नका सांगू. कळलं मला. एवढंच सांगा, ती झोपेत आहे ना? तुम्ही बाहेर आलात हे तिला कळलेलं नाही ना? ...बरं. ...काढा. ...हो, शुद्धीत आहे मी. पाणी नको, बसायला नको. काढा म्हणतोय मी, आणखी किती वेळा म्हणायला लावता! ...कुठे? इथे? ...झाली सही. जा तुम्ही. हातातलं काम टाकून माझ्याशी बोलत उभ्या राहू नका, जा.

...गेल्या.

म्हणालो बघा. 'काढा' म्हणालो. ऐकलंत ना तुम्ही? जगेल म्हणाल्या त्या. आता काही हरकत नाही, आता सांगता येईल मला. शुद्धीवर आली की हात धरून सांगीन—वायू तुटत होता, रेंगाळत होता, पाचवं भांडं लागतच होतं, मी जावयाला घराबाहेर काढला, तुझं बरोबर होतं. आधी घाबरेल, तर सांगीन, घाबरू नकोस, तुझं संपलं म्हणून नाही म्हणत, खरंच बरोबर होतं. दहा वेळा सांगीन. कागद दाखवीन. ती ऐकून घेईल. ...ऐकूनच घेईल.

—खांद्यावरचा हात काढा. नको. तुम्ही तिकडे जाऊन बसा, त्या खिडकीशी. तुमचे वडील येतील आता. ही घ्या तुमची पिशवी. जा म्हणतोय ना, जा.